ओहोटीचा हिशेब तिथीवर

शिंपला म्हटला की आपल्याला भीमेच्या वाळूत पोरे गोळा करतात तो आठवतो. तो कुणी रांधून खाईल, असे आपल्याकडे मनातही येत नाही. पण कोकणात त्याच्या जातभाईंवर कित्येक घरांची चूल चालते.

माघवारी उरकली आणि ज्वारीची काढणी सुरू व्हायच्या आत मी मंगळवेढ्याकडच्या पंधरा शेतकऱ्यांना घेऊन रत्नागिरीला गेलो होतो. भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे, ते पाहायचे होते. केंद्राशेजारीच काजळी नदी समुद्राला मिळते. संध्याकाळी तिथे एक म्हातारी मावशी भेटल्या. आम्ही चौकशी केली तेव्हा म्हणाल्या, "उद्या वद्य तृतीया. सव्वाआठला पाणी तळाला जाईल. तिसऱ्या काढायच्या तर तासभर आधी या."

घड्याळ न बघता सव्वाआठ कसे सांगितले? आमच्यातल्या माळकरी आबांनी ते सोडवून घेतले. पाऊणकीचा पाढा! तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे भरती दुपारी सव्वादोनला. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. थोडा मागेपुढे होतो, पण फार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पुष्कळ मागे हटते, अष्टमीच्या सुमारास थोडेच. म्हणून बायका उधाणाचे दिवस धरतात.

सकाळी गेलो. ओल्या रेतीवर बारीक भोके दिसतात, तिथे तिसरी खाली दडलेली असते. ती दोन नळ्या वर काढून पाणी ओढते आणि गाळून त्यातले सूक्ष्म खाद्य खाते. खुरप्याने चार बोटे रेती उकरली की हाताला लागते. मी उत्साहाने बोटाच्या पेराएवढ्याही परडीत टाकत होतो. मावशींनी परडी उपडी केली, बारक्या निवडल्या आणि परत रेतीत पेरल्या. "भाऊ, तुम्ही बियाणं दळून खाता काय?" शेतकी खात्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाला याहून अधिक काय बोलायचे! पूर्वी तासाभरात परडी भरे, आता अर्धा दिवस जातो, हेही त्यांनीच सांगितले. बाहेरची माणसे बारीक-मोठे बघत नाहीत, हा त्यांचा राग.

एवढ्यात आमचा एक तरुण दूरच्या वाळूच्या उंचवट्यावर गेला. मावशी एकदम ओरडल्या. भरती समोरून येईल असे आपल्याला वाटते. पण उंचवट्याच्या मागची पन्हळ आधी भरते. तो परतला तेव्हा गुडघ्याएवढ्या पाण्यातून, आणखी उशीर झाला असता तर छातीएवढे झाले असते. मुलाबाळांसह कोकणात जाल तेव्हा हे विसरू नका. पाणी वळले की आधी बाहेर.

तिसऱ्या काही तास खाऱ्या पाण्यात ठेवल्या की पोटातली रेती टाकतात. तोंड उघडे असून टिचकी मारल्यावर न मिटणारी मेलेली, ती फेकायची. मग विळीवर उघडून एकच शिंपी मांसासकट ठेवतात आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणात सुके करतात. माळकरी आबांनी भाकरी-चटणी खाल्ली, बाकीच्यांनी भांडे पुसले.

मात्र अनोळखी खाडीतल्या शिंपल्या स्थानिकांना विचारल्याशिवाय कधी खाऊ नका. पाण्यातले विषारी सूक्ष्म जीव त्यांच्या पोटात साठतात आणि ते विष शिजवूनही जात नाही. १९८३ साली मंगळूरजवळ अशा शिंपल्या खाऊन एक मुलगा दगावला. सांडपाणी मिसळते तिथल्याही नकोतच.

रिकाम्या शिंप्या आम्ही पोतेभर आणल्या. कुटून अंडी देणाऱ्या कोंबड्यांना घातल्या तर कवच टणक होते. शेतात मात्र टाकू नका. आपली जमीन आधीच चुनखडीची. आबांनी त्यातल्या दोन नातवासाठी वेगळ्या काढल्या, आणि एसटीत परतताना सांगोल्यापर्यंत सगळ्यांकडून पाऊणकी म्हणवून घेतली.