वलवणचं पाणी, परळचं संशोधन

लोणावळ्याच्या वलवण धरणाची पायाभरणी १९११ साली झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली. जमशेदजींच्या मागे ही योजना तडीस नेली ती दोराबजी टाटांनी. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. वर्षभरात दोराबजीही गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपली मालमत्ता विश्वस्त निधीच्या हवाली केली होती. त्याच निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. टाटांच्या वीजधरणांपायी मुळशी खोऱ्यातली गावंच्या गावं बुडाली. म्हणून परळला जे संशोधन होतं, त्यावर मावळ-मुळशीच्या या डोंगरपट्ट्यातल्या बायकांचा पहिला हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं.

१९५२ मध्ये रुग्णालयाच्या जोडीला संशोधन केंद्र आलं. डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, हुजूरपागेत शिकलेल्या पुण्याच्या. अमेरिकेत उती-संवर्धन शिकून त्या परतल्या आणि इथे तशी प्रयोगशाळा उभी केली. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं तपासला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आपल्याकडे त्यांचं नाव शाळकरी मुलींनाही ठाऊक असायला हवं होतं.

१९६२ मध्ये ही संस्था अणुऊर्जा विभागाकडे गेली. तिथपासूनचं बरंच काम इथे सांगण्याजोगं आहे, पण मावळच्या दृष्टीने मोलाचे मला दोनच प्रयोग वाटतात.

पहिला १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांत सुरू झाला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचे दोन गट केले. एका गटाकडे प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जात. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. बोटांच्या पेरांनी हळूहळू गोल दाबत स्तन आणि काख चाचपायची, गाठ लागली तर रुग्णालयात पाठवायचं. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण तपासलेल्या गटात ३७ टक्के होतं, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. त्याखालच्या वयात मात्र तसा फायदा दिसला नाही. दुसऱ्या गटाला तपासणी का दिली नाही, असा आक्षेप या प्रयोगावर घेतला गेला. तो गंभीर आहे आणि निकाल चांगला आला म्हणून तो पुसला जात नाही.

दुसरा प्रयोग डॉ. राजेंद्र बडवे यांचा. शस्त्रक्रियेआधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं, मग सुरी लावायची. दात काढताना हिरडी बधिर करतात, तेच हे औषध. १,६०० बायकांवरच्या या अभ्यासाचा निकाल २०२३ मध्ये छापून आला: पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. जगभर लाखो रुपयांच्या औषधांसाठी धडपड चाललेली असताना शे-पाऊणशे रुपयांत भागणारा हा उपाय कोणत्याही लहान रुग्णालयाला परवडेल.

परळला जायचं तर लोणावळ्याहून गाडीत बसलं की अडीच-तीन तासांत दादर येतं. तिथल्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत रुग्णांची आणि नातलगांची सोयही होते. खरी अडचण असते ती घरातून निघण्याची. गाठ दुखत नाही, म्हणून बाई कुणाला सांगत नाही. भातलावणी उरकू दे, पोरीचं लग्न होऊ दे, असं करत वर्ष जातं. तिशीपुढच्या बायकांची तपासणी आता सरकारी कार्यक्रमातच आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी स्तनाची तपासणी कधी तरी झालेल्या देशभरात शंभरात एकसुद्धा भरल्या नाहीत. लोणावळ्याच्या दवाखान्यांत आणि मावळातल्या उपकेंद्रांत आठवड्यातला एक दिवस या तपासणीसाठी ठरवून द्यायला नवं यंत्र लागत नाही. शिकवलेली आरोग्यसेविका लागते, आणि पडदा लावलेली एक खोली.