नीलपंख : शेतकऱ्याचा निळा सोबती

कुठे दिसतो : पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाभोवतीची शेतं, माळरान आणि विरळ झाडी हा त्याला मानवणारा मुलूख. तारेवर किंवा वाळक्या फांदीवर तो एकटाच बसलेला असतो.

ओळख : बसलेला असताना तपकिरी, मातकट. पंख उघडले की गडद आणि फिकट निळ्याचे लखलखते पट्टे.

आहार : नाकतोडे, भुंगेरे, रातकिडे, कधी सरडे आणि बेडूक. उंचावरून टेहळणी करतो, जमिनीवर झेपावून भक्ष्य टिपतो.

वीण : साधारण मार्च ते जून. नर हवेत गिरक्या व कोलांट्या घेत कर्कश ओरडतो. घरटं झाडाच्या ढोलीत, अंडी ३ ते ५.

आफ्रिकेतला भाऊबंद : जांभळ्या छातीचा नीलपंख दक्षिण व पूर्व आफ्रिकेच्या विरळ वनांत राहतो. बोत्स्वानाचा तो पूर्वी राष्ट्रीय पक्षी मानला जाई. आपला नीलपंख कर्नाटक, तेलंगण आणि ओडिशाचा राज्यपक्षी.

जपायचं कसं : दसऱ्याला याचं दर्शन शुभ मानतात. त्यासाठी त्याला पकडणं, पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बांधावरची ढोलीची जुनी झाडं राखा, कीटकनाशकं बेतानं वापरा.