इंजिनाची वाया जाणारी उष्णता आणि पाणी

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी साधारण 35 ते 40 टक्केच कामी येते आणि बाकीची धुरावाटे व रेडिएटरच्या पाण्यावाटे निघून जाते. ही हानी पाण्याच्या साहाय्याने कमी करण्याचे प्रयत्न शंभराहून अधिक वर्षे चालू आहेत. मात्र त्यांचा विचार करताना पाण्याची दोन कामे वेगळी धरली पाहिजेत, कारण त्यांची गल्लत केल्यामुळेच पाण्यावर इंजिन चालवण्याचे दावे पुन:पुन्हा डोके वर काढतात.

पहिले काम सिलिंडरच्या आतले आहे. हंगेरीचे अभियंते दोनात बांकी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेत पाण्याचा फवारा सोडला. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 2,257 किलोज्यूल अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता केवळ अवस्था पालटणारी उष्णता, शोषली जाते. त्यामुळे मिश्रण थंड राहून नॉकिंग, म्हणजे ज्योत पोहोचण्याआधीच उरलेल्या मिश्रणाने आपोआप पेटणे, टळते आणि अधिक दाब देता येतो. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांत पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण याचसाठी वापरले गेले, आणि 2016च्या बीएमडब्ल्यू एम4 जीटीएस या मोटारीतही तीच युक्ती आहे. येथे उष्णता परत मिळत नाही. पाण्याने शोषलेला अप्रकट उष्मा वाफेबरोबर धुरातूनच निघून जातो.

खरी पुनर्प्राप्ती दुसऱ्या कामात आहे. विल्यम स्टिल यांच्या इंजिनात सिलिंडरभोवतीचे पाणी उकळबिंदूला ठेवून, धुराच्या उष्णतेने त्याची वाफ करून, ती दट्ट्याच्या खालच्या बाजूला सोडली जाई. म्हणजे एकाच दट्ट्याला वरून इंधन आणि खालून वाफ ढकलत असे. ग्रीनॉकच्या स्कॉट्स कंपनीने बांधलेल्या ‘डोलियस’ या जहाजावर 1924 मध्ये अशी इंजिने बसली. कल्पना अस्सल होती, पण एका यंत्रात दोन यंत्रांची देखभाल करावी लागे, आणि तेवढ्या काळात साधे डिझेल इंजिनच पुष्कळ सुधारले.

कोणती उष्णता परत मिळवण्याजोगी आहे, हे कार्नो यांच्या 1824च्या सिद्धांतावरून कळते. भोवताल 30 अंश सेल्सिअस असताना 90 अंशांच्या पाण्यातील उष्णतेचे आदर्श यंत्रातही 17 टक्क्यांहून कमी काम होते, तर 500 अंशांच्या धुरातील उष्णतेचे 61 टक्क्यांपर्यंत होऊ शकते. म्हणून धुराकडे वळणेच शहाणपणाचे. बीएमडब्ल्यूने 2005 मध्ये मांडलेल्या वाफेच्या जोडयंत्रणेने 15 टक्क्यांपर्यंत इंधनबचत अपेक्षित होती, पण मोटारीवरचा भार क्षणाक्षणाला बदलतो आणि वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरला जागाही हवी असते. ती विक्रीच्या गाड्यांत आली नाही.

जेथे भार स्थिर आणि जागा मुबलक, तेथे हीच युक्ती भरभरून फळली आहे. रायगड जिल्ह्यातील उरणच्या वीजकेंद्रात 108 मेगावॉटच्या चार गॅस टर्बाइनांच्या धुरावर वाफ करून 120 मेगावॉटचे दोन संच चालवण्याची रचना आहे: 432 मेगावॉटसाठी जाळलेल्या वायूतूनच आणखी 240. शेजारच्या न्हावाशेवा बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांतही धुरावर चालणारा बॉयलर बहुधा असतोच. भर समुद्रात तो जड इंधन तापवण्यासाठी फुकटची वाफ पुरवतो, आणि धक्क्याला लागून मुख्य इंजिन थांबले की त्याच वाफेसाठी सहसा वेगळे तेल जाळावे लागते.