भराभर वाचलं, पण लक्षात किती राहिलं?



देवळाली कॅम्पच्या एका गटाची बैठक आटोपत आली होती. बचत जमा झाली, वहीवर सह्या झाल्या, आणि एका ताईंनी पिशवीतून दहावीचं भूगोलाचं पुस्तक काढलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून त्या बाहेरून परीक्षेला बसणार आहेत. अंगणवाडीच्या भरतीला आता बारावी पास लागतं, म्हणून आधी दहावी. त्या म्हणाल्या, "मॅडम, भांडी आवरल्यावर रात्री तासभर मिळतो. धडा दोनदा वाचते, सकाळी आठवायला गेलं की सगळं कोरं. भराभर वाचायची काही युक्ती सांगा ना."

युक्त्या मोबाईलवर पुष्कळ दिसतात. पण खरं सांगते, नुसती नजर पळवून डोक्यात काही जात नाही. अमेरिकेत एव्हलिन वुड या शिक्षिकेने १९५९ मध्ये वेगवान वाचनाचे वर्ग सुरू केले, ते खूप गाजले. पुढे २०१६ मध्ये तज्ज्ञांनी या विषयावरचं संशोधन एकत्र तपासलं. वेग फार वाढवला की समज कमी होते, असंच त्यांना दिसलं. मीही कॉलेजात परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खं पुस्तक संपवलं होतं. पेपर हातात आल्यावर फक्त धड्यांची नावं आठवली.

मग तासाभरात करायचं काय? हे चार टप्पे करून बघा.

१. आधी नुसतं चाळा. पाच मिनिटं धड्याचं नाव, ठळक अक्षरं, चित्रं, नकाशे आणि शेवटचा स्वाध्याय बघा. धड्यात काय आहे याचा अंदाज येतो.

२. प्रश्न घेऊन वाचा. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे. 'ब्राझीलमध्ये पाऊस कुठे जास्त, कुठे कमी?' हा प्रश्न मनात धरा आणि ओळीखाली पेन्सिल फिरवत वाचा. ॲमेझॉनच्या खोऱ्यात भरपूर पाऊस, ईशान्येकडच्या काही भागात दुष्काळ, हे उत्तर दिसलं की तिथे थांबा. तांदूळ निवडताना आपण दाणा न् दाणा बघत नाही, नजर खडा शोधते. तसंच हे. उत्तराच्या जागी हळू वाचा, बाकी ठिकाणी जरा भरभर चाललं तरी हरकत नाही.

३. पुस्तक मिटून सांगा. हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा. मुलीला सांगा, सासूबाईंना सांगा, कोणी नसेल तर कागदावर चार ओळी लिहा. अडलं तेवढंच पुन्हा वाचा. २००६ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले.

४. मध्ये दिवस सोडून आठवा. उद्या एकदा, तीन दिवसांनी एकदा, आठवड्याने एकदा. प्रत्येक वेळी पाचच मिनिटं.

आता मला सांगा, आपली पंचसूत्री तुम्ही कधी घोकत बसलात का? नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि दप्तर. दर बैठकीत न बघता म्हणतो, म्हणून पाठ झाली. म्हणजे ही रीत तुम्हाला आधीच येते, फक्त पुस्तकाला लावायची आहे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. बँकेचा कर्जाचा कागद भराभर वाचायचा नाही. व्याजदर किती, हप्ता किती, मुदत किती, हप्ता चुकला तर दंड किती, हे चार प्रश्न घेऊन सावकाश वाचा. कागद बाजूला ठेवून शेजारच्या ताईंना चारही उत्तरं सांगता आली, तरच सही करा.

त्या भूगोलवाल्या ताईंनी पुढच्या बैठकीत पुस्तक न उघडता ब्राझीलचा पाऊस सांगितला. नद्यांपाशी अडल्या. सगळ्या हसल्या, त्याही हसल्या आणि तेवढंच पान उघडून पुन्हा वाचलं. तुमच्या गटातही कोणी शिकत असेल, तर बैठकीची शेवटची दहा मिनिटं तिला द्या. तिने सांगायचं, आपण ऐकायचं. तिचा अभ्यास होईल आणि आपल्याही कानावर चार गोष्टी पडतील.