उबेचा कपडा: पारखून घ्यावा, जपून वापरावा

दिवाळी सरली की पहाटेचा वारा अंगाला बोचू लागतो. आपला मुलूख तसा उन्हाचा. तरी नाशिक, धुळे, नागपूर, गोंदिया या बाजूंना पौषात थंडी चांगलीच पडते. निफाडकडे तर काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. द्राक्षाला एवढे जपायचे, तर घरातल्या माणसाला नको का जपायला?

मग घरात बोलणे निघते. "यंदा आईला एक स्वेटर घेऊ." "पोराला जाकीट पाहिजे, पहाटेची शाळा आहे." पण हातात पैसे मोजकेच असतात. कपडा एकदा घेतला की चार-पाच हिवाळे तरी निघाले पाहिजेत. बाजारात तर नाना रंग, नाना भाव. फसायला वेळ लागत नाही. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी चार गोष्टी समजून घेऊ या.

ऊब येते कुठून?

रात्री कोपऱ्यात पडलेल्या घोंगडीला हात लावून पाहा. ती गारच लागेल. तीच घोंगडी पांघरून घटकाभर बसा. आता ती उबदार लागते. असे का? घोंगडी काही स्वतः तापत नाही. आपण खातो ते अन्न अंगात पचते आणि त्यातून ऊब तयार होते. ही ऊब सारखी बाहेर निसटत असते. कपडा तिला अडवून धरतो, एवढेच त्याचे काम. गरम भाकरी फडक्यात गुंडाळली की ऊन राहते, तसेच हे.

पण अडवतो कोण? खरे म्हणजे कपड्यात अडकलेली हवा अडवते. स्थिर हवेतून ऊब सहज पलीकडे जात नाही. लोकरीचा एक केस उजेडात धरून पाहा. तो सरळ नसतो, नागमोडी असतो. असे हजारो वाकडे केस एकत्र आले की त्यांच्या फटींत हवा अडकून बसते. म्हणून लोकर उबदार.

लोकरीचा दुसरा गुण म्हणजे ती ओल पोटात घेते. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषली तरी ती अंगाला चिंब लागत नाही. सुती कपडा मात्र घामाने किंवा दवाने भिजला की अंगाला चिकटतो आणि थंडी वाढवतो. म्हणून पहाटे दवात काम करणाऱ्याला लोकर फार उपयोगी.

आपली घोंगडी

महाराष्ट्रातला सर्वांत जुना लोकरी कोट कोणता, असे कोणी विचारले तर घोंगडीकडे बोट दाखवावे. धनगर मंडळी दख्खनी मेंढ्या पाळतात. त्यांची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरतात. ती पिंजायची, कातायची आणि मग खड्ड्याच्या मागावर विणायची. विणण्याचे काम पुष्कळ ठिकाणी सणगर मंडळी करतात. सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे सूत ताठ राहते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागांत हा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

पावसात मेंढपाळ हीच घोंगडी खोळ करून डोक्यावरून घेतो. पाणी वरच्या वर ओघळते. रात्री तीच अंथरूण, तीच पांघरूण. एका कपड्यात तीन कामे!

दख्खनी लोकर भरड असते. ती उघड्या अंगाला टोचते. यावर उपाय सोपा आहे: आत सुती सदरा घालावा. टोचते म्हणून घोंगडी वाईट ठरत नाही. स्वेटर-कोटासाठी लागणारी मऊ लोकर मेरिनो जातीच्या मेंढीची असते. तिचे केस फार बारीक असतात.

कोट की जाकीट?

पूर्वी शाळेतले गुरुजी, कचेरीतले कारकून बंद गळ्याचा काळा कोट घालीत. चांगला कोट बनातीचा किंवा सर्जाचा असे. बनात म्हणजे दाट, मऊ लोकरी कापड. असे कापड काढणाऱ्या मोठ्या गिरण्या आपल्या देशात निघाल्या. कानपूरला १८७६ साली एक निघाली, पंजाबात धारिवालला १८८० साली, आणि आपल्या ठाण्याला १९२५ साली. आज या जुन्या जागी पूर्वीसारखे माग चालत नाहीत. आता स्वेटर, मफलर, कानटोप्या बहुतेक लुधियान्याहून येतात. १९५९ नंतर तिबेटातून आलेल्या निर्वासितांनी हा माल गावोगाव विकायला सुरुवात केली. हिवाळ्यात मोठ्या शहरांत त्यांची दुकाने लागतात, ती तुम्ही पाहिली असतील.

हल्ली जाकिटाची चलती आहे. जाकिटाचे बाहेरचे कापड नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असते. आत भर असते. लोकरीचा स्वेटर ऊब धरतो, पण त्याच्या विणीतून वारा आत शिरतो. जाकिटाचे दाट कापड वारा अडवते. म्हणून काम पाहून कपडा निवडावा.

घरात बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला स्वेटर, शाल बरी. मोटारसायकलवर किंवा ट्रकच्या टपावर बसून जाणाऱ्याला जाकीट बरे. आणि कडाक्याच्या थंडीत आत स्वेटर, वर जाकीट, असे दोन्ही घातले तर उत्तम.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे अधिक उबदार असतात, कारण दोहोंच्या मध्ये हवेचा आणखी एक थर बसतो. जॉर्ज मॅलरी नावाचे इंग्रज गिर्यारोहक १९२४ साली एव्हरेस्टवर गेले आणि परतले नाहीत. १९९९ साली ८,००० मीटरांहून अधिक उंचीवर त्यांचा देह सापडला. त्यांच्या अंगावर एकच जाडजूड कोट नव्हता. सूत, रेशीम आणि लोकर यांचे पातळ थर एकावर एक होते. एवढ्या बर्फात जाणाऱ्यानेसुद्धा थरांवरच भरवसा ठेवला होता.

अंगावर घालून पाहा

कोट किंवा जाकीट आरशात पाहून भुलू नका. आत स्वेटर घालून मग वर तो चढवा. दोन्ही हात पुढे करा, वर करा, खाली वाका. पाठीत ताण पडतो का? बाही मनगटापर्यंत पोहोचते का? फार घट्ट कपड्यात हवा राहत नाही, म्हणून ऊबही राहत नाही. फार ढगळ असला तर खालून वारा शिरतो. गळा बंद होतो ना, तेही पाहा. मुलाला एक माप मोठे घ्यावे आणि बाही आत दुमडून टाका घालावा. पुढच्या वर्षी टाका उसवला की झाले.

गुंड्या ओढून पाहा. साखळी दहा वेळा वर-खाली करा. ती अडत असेल तर कपडा परत ठेवा. काखेतली शिवण आतून तपासा. कपडा उजेडाकडे धरा. वीण विरळ असेल तर उजेड आरपार दिसेल.

लोकर खरी की खोटी?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बाजारात लोकर म्हणून विकला जाणारा पुष्कळसा माल लोकरीचा नसतोच. तो ॲक्रिलिकचा असतो. हा धागा खनिज तेलापासून कारखान्यात तयार होतो. कॅश्मिलॉन म्हणतात तोही ॲक्रिलिकच. तो स्वस्त असतो, टोचत नाही, धुवायला सोपा असतो. त्याची ऊबही बरी असते. घ्यायला हरकत नाही. पण लोकरीच्या भावाने मात्र घेऊ नका!

दुकानात बोलणे कसे होते, ऐका.

"घ्या ताई, शंभर नंबरी लोकर आहे."

"भाऊ, गळ्याशी चिठ्ठी शिवली आहे, ती वाचून दाखवता का?"

"चिठ्ठीचं काय घेऊन बसलात? मी सांगतो ना!"

"तुम्ही सांगता तेच पावतीवर लिहून द्या, म्हणजे झालं. लोकर शंभर टक्के, आणि खाली तुमची सही."

दुकानदार जरा थांबला. मग म्हणाला, "तसं पाहिलं तर यात थोडी मिसळ आहे. तुम्हांला दोनशे रुपये कमी लावतो."

पाहिलेत? दोन ओळी लिहायला सांगितल्या आणि भाव उतरला. आता तुम्हांला लिहिता-वाचता येऊ लागले आहे. त्याचा उपयोग असा करायचा. चिठ्ठी बहुधा इंग्रजीत असते. त्यावर वूल, ॲक्रिलिक, पॉलिएस्टर हे शब्द आणि पुढे टक्क्यांचा आकडा असतो. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला बरोबर न्या. काही मालावर वूलमार्क नावाचे चिन्ह असते. लोकरीच्या गुंडीसारखे ते दिसते. १९६४ साली ते निघाले. शुद्ध लोकरीची ती खूण आहे. पण खोटी खूण छापणारेही असतात, तेव्हा पावती घ्यावीच.

घरी एक परीक्षा करता येते. शिवणीच्या आतून एक धागा काढा. कपडा दूर ठेवा. धागा चिमट्यात धरून ताटलीवर न्या आणि काडी लावा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो. ज्योत काढली की ती बहुधा आपोआप विझते, आणि राख बोटाने चुरगळते. ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर असेल तर धागा वितळतो आणि टोकाला कडक गाठ राहते. सूत कागदासारखे जळते.

जुना कोट घ्यावा का?

जुन्या बाजारात परदेशी लोकरी कोट स्वस्तात मिळतात. घ्यायला लाज कसली? कापड पुष्कळदा नव्याहून चांगले असते. मात्र कोपर, कॉलर आणि खिसे तपासा. उजेडाकडे धरून कसरीची भोके पाहा. घरी आणल्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवा, झटका, जमल्यास धुऊन घ्या. मगच पेटीत ठेवा. अगदी फाटलेले लोकरी कपडेही वाया जात नाहीत. हरियाणातल्या पानिपतात ते पिंजून, पुन्हा कातून त्यांच्या स्वस्त चादरी आणि कांबळी विणतात.

आधी कोणाला?

समजा, घरात पाच माणसे आहेत: म्हातारी आई, नवरा-बायको, शाळेत जाणारा मुलगा आणि तान्ही मुलगी. पैसे दोनच कपड्यांचे. कोणाला घ्यावे?

पहिला मान तान्ह्या मुलीचा. बाळाचे अंग लवकर गार पडते. तिला टोपी, मोजे, झबले आणि आईच्या अंगाची ऊब हवी. मात्र तिचे नाक-तोंड कधी झाकू नये. दुसरा मान म्हाताऱ्या आईचा. वय झाले की अंगात ऊब कमी तयार होते. शिवाय म्हातारी माणसे "मला नको, पोरांना घ्या" असे म्हणतात आणि गुपचूप कुडकुडतात. त्यांचे ऐकू नका. मुलगा धावतो-खेळतो, त्याला मागच्या वर्षीचा स्वेटर चालेल. आणि घरधन्याने जाकिटाची हौस यंदा थोडी आवरावी! घरधनीण मात्र स्वतःला नेहमी शेवटी ठेवते. पहाटे चुलीपाशी आणि पाणवठ्यावर तीच आधी जाते. पुढच्या वर्षी तिचा क्रमांक पहिला लावा.

कपडा जपावा कसा?

लोकर गरम पाण्यात धुवू नये. लोकरीच्या केसावर खवले असतात. गरम पाण्यात चोळले की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आकसतो. बाबाचा स्वेटर बाळाला येऊ लागतो! गार किंवा कोमट पाणी घ्यावे. रिठे किंवा सौम्य साबण वापरावा. धुण्याचा सोडा नको. पिळू नये, हाताने दाबून पाणी काढावे. दोरीवर टांगू नये, सावलीत खाटेवर पसरावा.

उन्हाळ्यात पेटीत ठेवताना कपडा स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवा. कसरीची अळी लोकर खाते. घाम आणि अन्नाचे डाग असले की ती तिथे आधी लागते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि मधूनमधून कपडे उन्हात टाकावेत. डांबरगोळ्या वापरल्या तर त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, त्या विषारी असतात. त्यांचा वास असलेला कपडा तान्ह्या बाळाला तर घालूच नये. काही बाळांचे रक्त त्या वासाने बिघडते आणि जोराची कावीळ होते. आधी कपडा धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात वाळवावा.

दोन धोके

ॲक्रिलिकचा स्वेटर किंवा नायलॉनचे जाकीट घालून शेकोटीला खेटून बसू नका. ठिणगी पडली तर हे कापड वितळून कातडीला चिकटते. भाजलेली जखम खोल जाते. चुलीपुढे बसताना सुती किंवा लोकरी कपडाच बरा, आणि पदर, मफलर, ओढणी खोचून घ्यावी.

दुसरा धोका याहून मोठा. पांघरूण पुरत नाही म्हणून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन, दार-खिडकी लावून काही जण झोपतात. असे कधीही करू नका. कोळशातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. उबेसाठी पांघरूण वाढवा, शेगडी दाराबाहेर ठेवा.

एवढे ध्यानात ठेवा: आत सूत, मधे लोकर, वर वारा अडवणारा कपडा. चिठ्ठी वाचून आणि पावती घेऊन खरेदी. गार पाण्यात धुणे, सावलीत वाळवणे. आणि घरात आधी ऊब मिळावी ती सर्वांत लहानाला आणि सर्वांत थोराला.