तान्ह्या बाळाचे दूध आणि पेठेची जबाबदारी

घरात मूल जन्मले म्हणजे पेढे कोणत्या हलवायाकडून आणावयाचे, बारशास कोणाकोणास बोलवावयाचे, पाळणा नवा घ्यावयाचा की मागून आणावयाचा, या प्रश्नांचा आमच्याकडे बारकाईने खल होतो. त्या मुलाच्या पोटात पहिला घोट कशाचा जावा, हा प्रश्न मात्र परिचारिका किंवा त्या क्षणी खाटेजवळ उभी असलेली एखादी वडीलधारी बाई यांच्या मर्जीवर सोडलेला असतो. घरचा कर्ता पुरुष तर ‘ही बायकांची बाब’ असे म्हणून बाजूस होतो. खतावणीतील एका रुपयाची चूक रात्री बारापर्यंत जागून शोधणारे आमचे व्यापारी बंधू या एकाच बाबतीत इतके बेफिकीर कसे, याचे आम्हांस नवल वाटते.

गाय व्याली की तिचा चीक मागून आणून खरवस करणे हा आमच्या आवडीचा प्रकार आहे. त्या चिकावर पहिला हक्क वासराचा, हे कोणीही गवळी सांगेल. परंतु त्याच घरात बाळंतिणीचा पहिला, पिवळसर, दाट चीक ‘जड’ किंवा ‘नासका’ ठरवून पिळून टाकावयाचा आणि दोन-तीन दिवस बाळास मधाचे बोट, साखरेचे पाणी अथवा गाईच्या दुधात बुडविलेला कापसाचा बोळा द्यावयाचा, ही रूढी कित्येक घरांतून अद्याप गेलेली नाही. जो चीक आम्ही टाकतो त्यात रोगाशी झुंजणारी द्रव्ये भरपूर असतात. निसर्गाने बाळास दिलेली ती पहिली लसच होय. जो मध आम्ही चाटवितो त्यात क्वचित एका सूक्ष्मजंतूची बीजे असतात व ती वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यात रुजून घातक विष उत्पन्न करू शकतात. म्हणून पहिले वर्ष मध नको, असे वैद्यकशास्त्र निक्षून सांगते. सोन्याच्या अंगठीने चाटविला म्हणून तो मध निर्दोष होत नाही.

यावर कोणी म्हणेल की, या गोष्टी खेड्यांतील अडाणी सुइणींच्या. शहरी दवाखान्यांत असे काही चालत नाही. आकडे निराळेच बोलतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात शंभरांपैकी सुमारे ८९ बाळंतपणे दवाखान्यांत झाली. पण जन्मानंतरच्या पहिल्या तासात आईचे दूध मिळालेली मुले शंभरात ४२ देखील भरली नाहीत. म्हणजे शिकलेले डॉक्टर, पगारी परिचारिका आणि छापील फलक यांच्या देखत निम्म्याहून अधिक मुलांचा पहिला तास वाया गेला. हा दोष सुइणीच्या माथी मारता येणार नाही.

पहिले सहा महिने आईचे दूध, आणि केवळ आईचे दूध, हा नियम आता जगभरच्या वैद्यकांनी एकमुखाने मान्य केला आहे. ‘केवळ’ या शब्दावर आमचा भर आहे. उन्हाळ्यात बाळाचा घसा सुकेल म्हणून चमचाभर पाणी पाजणारी आजी प्रेमानेच ते करते. परंतु आईच्या दुधात शंभरात सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असते आणि वैशाखातही बाळास त्याहून अधिक लागत नाही. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशिंग उगाळून रोज दिल्या जाणाऱ्या गुटीबद्दल आमच्या वाचकांत मतभेद होतील हे आम्ही जाणतो. तथापि जी सहाण फडताळात उघडी पडते, जिच्यावरून झुरळे फिरतात, तिच्यावर उगाळलेले औषध निरोगी बाळाच्या पोटात घालण्यात शहाणपण कोणते, एवढा प्रश्न वडीलमाणसांनी स्वतःस विचारून पाहावा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधास अर्थातच हा निर्बंध लागू नाही.

‘पण सूनबाईस दूधच पुरत नाही’ ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. दूध हे हौदासारखे भरून ठेवलेले नसते. ते विहिरीच्या झऱ्यासारखे असते, जितके उपसावे तितके येते. बाळ जितक्या वेळा ओढील तितके ते वाढते. त्यास मध्येच वरचे दूध पाजले म्हणजे ते कमी ओढते, कमी ओढल्याने दूध कमी येते, आणि महिन्याभरात सासूबाईंचे भाकीत खरे ठरते. दूध पुरते की नाही, हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. मूल शंभर कारणांनी रडते. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन नियमाने वाढत असेल, तर दूध पुरते. वाण्याच्या दुकानात तराजू असतो, सरकारी आरोग्यकेंद्रात व अंगणवाडीतही असतो. तर्क करण्यापेक्षा वजन करावे.

काही मातांस खरोखरीच पाजता येत नाही. आजार असतो, औषधे चालू असतात, कधी माताच हयात नसते. अशा घरांस दूषण देणे हे क्रौर्य होय. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्याचे दूध द्यावेच लागते. मात्र ते बाटलीने देऊ नये. रबरी बोंडीच्या खाचेत राहिलेल्या थेंबात जंतू वाढतात व जुलाबाचे मूळ तेथेच असते. आमच्या आज्यांच्या काळचे धातूचे बोंडले किंवा साधी वाटी-चमचा घासून उकळता येतो. आणि डबा महाग म्हणून भुकटी कमी, पाणी जास्त, हा हिशेब तर बाळाच्या जिवावर बेतणारा. त्याचे पोट भरलेले दिसते आणि अंग झडत जाते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळांसाठी दुसऱ्या मातांचे दूध निर्जंतुक करून साठविण्याचीही सोय आहे. अशी दुग्धपेढी १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू केली व ती आशिया खंडातील पहिली होय. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात अशी पेढी आहे काय, नसल्यास का नाही, हे विचारण्याचा प्रत्येक करदात्यास अधिकार आहे.

आता डब्याच्या व्यापाराविषयी. डॉ. सिसिली विल्यम्स या ब्रिटिश बाईंनी १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबापुढे भाषण करून बालकांच्या डबाबंद दुधाच्या प्रचारास उघड उघड हत्या म्हटले. जगाच्या सरकारांस ते पटावयास ४२ वर्षे लागली. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने या मालाच्या विक्रीविषयी आचारसंहिता ११८ मतांनी संमत केली. विरुद्ध मत पडले ते एकट्या अमेरिकेचे. हिंदुस्थानने मात्र पुढे जाऊन १९९२ मध्ये स्वतंत्र कायदाच केला व २००३ मध्ये तो अधिक कडक केला, ही आम्हांस अभिमानाची गोष्ट वाटते. आमच्या वाचकांत औषधविक्रेते व किराणा व्यापारी पुष्कळ आहेत, म्हणून त्यातील कलमांचा मथितार्थ येथे देतो. बाळाच्या दुधाची भुकटी, दुधाची बाटली आणि दोन वर्षांपर्यंतच्या बालकांचे तयार खाद्य यांची जाहिरात करता येत नाही. फुकट नमुना, भेटवस्तू किंवा खप वाढविण्यासाठी अन्य कोणतेही आमिष देता येत नाही. भुकटीच्या डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापता येत नाही. आईचे दूध सर्वोत्तम, ही सूचना मात्र छापावीच लागते. कारखानदाराने आरोग्यसेवकास पैसे वा भेटी देणे हाही गुन्हाच.

वकिलीच्या सवयीने एक गोष्ट मात्र आमच्या नजरेतून सुटत नाही. जाहिरात किंवा आमिष यांस या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद ‘किंवा’ पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठरविली. ज्या कंपनीची एका दिवसाची विक्री लाखांनी मोजावयाची, तिला हा ‘किंवा’ किती सोयीचा आहे, हे सांगावयास नको. शिवाय दोन वर्षांवरील मुलांच्या पेयांची जाहिरात कायद्याबाहेर राहते. दोन्ही डब्यांचे रंगरूप सारखे ठेवले की एकाच्या जाहिरातीत दुसरा आपोआप विकला जातो. डबा स्वदेशी असला तर हरकत नाही, असे मानणाऱ्या आमच्या देशाभिमानी मित्रांसही आम्ही स्पष्ट सांगतो की, परदेशी कंपनीस पाणी पाजण्याची हौस असेल तर ती अन्यत्र भागवावी. बाळाच्या आतड्यास भांडवलदाराचे राष्ट्रीयत्व कळत नाही.

सहाव्या महिन्यापुढे आईच्या दुधाबरोबर घरचे अन्न हवे. मुलाचे उष्टावण सम महिन्यात, मुलीचे विषम महिन्यात, अशी जुनी रीत असल्याने मुलगी पाचव्या महिन्यातच भातास लागते. पोटाची तयारी दोघांचीही सारखीच होते, तेव्हा मुलीसही सहा महिने पुरे होऊ द्यावेत. मऊ भात-वरण-तूप, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, हे सर्व दाट असावे. नुसत्या वरणाच्या पाण्याने बाळाचे पोषण होत नाही. दोन वर्षांपर्यंत व पुढेही आईचे दूध चालू ठेवावे.

पण सहा महिने केवळ अंगावर पाजावे, असे सांगणाऱ्याने ते सहा महिने आईने कोठे काढावेत, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांतील बाया तान्ह्या मुलास अफूची बाळागोळी देऊन कामावर जात, हे १९२० नंतरच्या दशकातील सरकारी चौकशांत नमूद आहे. त्या माता निर्दय होत्या काय? त्यांस रजा नव्हती, एवढेच. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकाच्या चर्चेत १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कौन्सिलात सांगितले होते की, मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे असून तिचा भार मोठ्या अंशाने सरकारनेच उचलावा. त्यांचे अर्धे म्हणणे ऐकले गेले. १९६१ च्या कायद्यातील १२ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांपुरती २६ आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक नोकर असतील तेथे पाळणाघर आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्ट्या, हे नियम २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिले. परंतु कामगार विमा योजनेत नसलेल्या नोकरांच्या रजेचा सर्व खर्च धन्याच्याच गळ्यात राहिला. त्याचा परिणाम उघड आहे : कित्येक धनी नवविवाहित मुलीस कामावर ठेवण्याचेच टाळतात. असे करणारा व्यापारी निंद्य आहे. पण ज्या कायद्याने त्यास हा मोह घातला तोही सदोष आहे. हा खर्च सर्वांच्या वर्गणीच्या निधीतून व सरकारी तिजोरीतून भागला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शिवाय दहांपेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानास हा रजेचा नियम सहसा लागतच नाही, आणि आमच्या पेठेतील बहुतेक दुकाने त्याच वर्गातील आहेत. कापडाच्या दुकानात घड्या घालणारी, औषधाच्या दुकानात बिले करणारी, आमच्याच घरी सकाळी भांडी घासावयास येणारी बाई, यांस २६ आठवडे कोठले? पहिल्या मुलासाठी २०१७ पासून मातृवंदना योजनेत पाच हजार रुपये मिळू लागले. तेवढ्यावर अर्धे वर्ष घरी बसता येत नाही. घरी भांड्यास येणारीचे मूल तान्हे असेल, तर मालकिणीने सहा महिने निम्मे काम पुऱ्या पगारात चालवून घ्यावे. तेवढ्याने कोणाचे दिवाळे निघत नाही. दुकानदारांच्या संघास आमची सूचना अशी की, एका गल्लीतील दहा-पंधरा दुकानांनी मिळून माडीवरची एक स्वच्छ खोली भाड्याने घ्यावी, एक जाणती बाई पगारावर ठेवावी, आणि ज्या नोकराणीचे मूल तेथे असेल तिला दिवसातून दोन-तीनदा वर जाऊन पाजून येऊ द्यावे. दिवाळीच्या रोषणाईस संघ जी वर्गणी गोळा करतो, तिच्याच वहीत या खोलीचे एक सदर उघडता येईल. पुढील सर्वसाधारण सभेपुढे हा ठराव कोणी मांडणार असेल, तर त्याचा मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहोत.