पान आपले, शेत दुसऱ्याचे
(इंटरनेटवर लिहून मिळणाऱ्या उत्पन्नाविषयी सभासदांशी हितगुज)



लागणीच्या नोंदी घेत शिवारात फिरताना एक प्रश्न आम्हाला तीन-चार बांधांवर ऐकावयास मिळाला. "साहेब, पोरगं म्हणतंय, इंटरनेटवर लिवून पैसं मिळत्यात. खरं हाय का?" प्रश्न उसाचा नसला तरी सभासदांच्या घरातला आहे. म्हणून या अंकात त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

थोडक्यात उत्तर असे की, पैसे मिळतात हे खरे. पण हिशेब आधी समजून घ्यावा.

हा व्यवहार ऊसवाल्याला समजण्यास अवघड नाही. महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने ऊसदरासाठी उत्पन्न विभागणीचे सूत्र आले. साखर व प्राथमिक उपपदार्थांचे उत्पन्न मिळून धरले तर 70 टक्के आणि नुसत्या साखरेचे धरले तर 75 टक्के वाटा ऊस उत्पादकाचा. एफआरपी ही किमान, तिच्याखाली जाता येत नाही. इंटरनेटवरही असेच वाटे असतात. लिहिणारा आपले पान घालतो, वेबसाइटवाला त्यावर जाहिराती लावतो आणि आलेले उत्पन्न दोघे वाटून घेतात. फरक एवढाच, की तेथे एफआरपी नाही. पान कोणी वाचले नाही तर हाती शून्य.

या धंद्याचा एक जुना दाखला सांगतो. अमेरिकेत 2005 साली सेथ गॉडिन या लेखकाने 'स्क्विडू' नावाची वेबसाइट सुरू केली. तेथे कोणीही एका विषयावर एक पान फुकट तयार करावे. विषय गुलाबाच्या छाटणीचा असो की मासेमारीच्या गळाचा. जाहिरातींचे उत्पन्न एकत्र गोळा होई आणि पानांच्या क्रमवारीप्रमाणे वाटले जाई. पानावरून कोणी वस्तू विकत घेतली तर तिचे कमिशन वेगळे. 'हबपेजेस' नावाच्या दुसऱ्या वेबसाइटची रीत निराळी होती. पान 100 वेळा उघडले तर 60 वेळा लिहिणाऱ्याच्या खात्याची जाहिरात, 40 वेळा मालकाची. गृहिणी, निवृत्त शिक्षक, बागकाम करणारे असे हजारो लोक लिहू लागले. काहींना दरमहा बरी रक्कम मिळू लागली, तेव्हा लोकांनी पानांमागे पाने काढली.

पुढे काय झाले ते लक्षात घ्यावे. पाने वाढली, पण कस उतरला. खोडव्यावर खोडवा घेत राहावे आणि रानाला खत घालू नये, तसा तो प्रकार. फेब्रुवारी 2011 मध्ये गुगलने 'पांडा' नावाचा बदल करून उथळ पानांना शोधयादीत खाली ढकलले. अशा वेबसाइटांचे वाचक एकाएकी घटले आणि त्यात चांगले लिहिणारेही भरडले गेले. ऑगस्ट 2014 मध्ये स्क्विडू बंद होऊन तिची पाने हबपेजेसकडे जाणार असल्याचे जाहीर झाले. ज्यांनी वर्षानुवर्षे पाने पिकवली, त्यांना कोणी सभेला बोलावले नाही, मत विचारले नाही. पीक त्यांचे होते, शेत दुसऱ्याचे होते.

आपल्या कारखान्यात आणि त्या व्यवहारात हाच मोठा भेद आहे. आपल्याकडे एक शेअर असो की दहा, सभासदाला एक मत आहे. वार्षिक सभेत उभे राहून काट्याचा, उताऱ्याचा हिशेब विचारता येतो. तेथे वाटा मिळतो, पण भाग मिळत नाही.

म्हणून मुलांनी लिहूच नये असे आमचे म्हणणे नाही. जरूर लिहावे, मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1) जे स्वतः केले ते लिहावे. "पाचट जाळू नका" असे सांगणारी पाने पुष्कळ आहेत. पण पाचट कुजवण्यासाठी हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट व 10 किलो जिवाणू खत सरीत कसे टाकले, पाणी केव्हा दिले, खोडव्यात फुटवे किती आले, हे आपल्या प्लॉटच्या फोटोसह सांगणारे पान वाचकाच्या उपयोगी पडते.

2) जमल्यास स्वतःच्या नावाची वेबसाइट करावी. गुगलच्या ॲडसेन्सची जाहिरात मराठी पानावरही लावता येते व उत्पन्नाचा साधारण 68 टक्के वाटा पानाच्या मालकाला मिळतो. डॉलरच्या खात्यात 100 डॉलर जमल्याखेरीज रक्कम निघत नाही. पत्त्याच्या खात्रीसाठी टपालाने पिन येतो, तेव्हा पोस्टमनला सांगून ठेवावे.

3) दुसऱ्याच्या वेबसाइटवर लिहिले तरी प्रत्येक पानाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. बेणे घरचे राखतो, तसेच हे.

4) "आधी पैसे भरा, मग काम देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. वाटा देणारा आधी मागत नाही.

5) पहिल्या वर्षी उत्पन्न धरूच नये. या भरवशावर कर्ज काढू नये, कॉलेज सोडू नये आणि उसाची भरणी तर मुळीच चुकवू नये.

ऊस हे मुख्य पीक, हे त्यातले आंतरपीक. सरीत हरभरा आला तर आनंदच आहे. नाही आला तरी ऊस उभा असला पाहिजे. ज्या घरातील मुले-मुली शेतीवर लिहू इच्छितात त्यांनी आपल्या गट कार्यालयात येऊन भेटावे. लागणीची, खताची, उताऱ्याची माहिती तपासून देण्यास आम्ही आनंदाने बसू. लिहिलेले खरे असले तर मिळालेला पैसाही टिकेल, असा आमचा विश्वास आहे.

ऊस विकास अधिकारी